दात पांढरे करण्याचे घरगुती मार्ग : औषध की प्रसाधन, हा न सुटलेला वाद

दात पांढरे करायला घरी वापरण्याच्या वस्तू आज शेजारीशेजारी विकायला असतात. कोळशाची पेस्ट, पेरॉक्साइड या रंग उडवणाऱ्या रसायनाच्या पट्ट्या, साच्यात भरायची जेल, तोंडात धरायचा निळा दिवा. यातल्या काही वरचा डाग घासून काढतात, तर काही दाताच्या आतला रंग रसायनाने फिका करतात. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचे इतिहासही वेगळे आहेत. ती एका फळीवर कशी आली, हे समजून घ्यायचं तर १९८९ ते २०१२ एवढा काळ नीट पाहिला तरी पुरतं. त्याआधीचं थोडक्यात.

घासण्याची परंपरा सगळीकडे जुनी. प्राचीन रोममध्ये शिळ्या लघवीनेही दात स्वच्छ करत, कारण त्यातला अमोनिया डाग काढतो. आपल्याकडे राखुंडी, कोळसा, मीठ, बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी होती. पण पांढरा दात म्हणजेच सुंदर दात, हे महाराष्ट्रात पूर्वापार ठरलेलं होतं असं समजू नये. सवाष्ण बायकांनी दातवण लावून दात मुद्दाम काळे करण्याची रीत अनेक घरांत होती. मशेरीचं प्रकरण निराळं. तव्यावर भाजलेली तंबाखू 'दात साफ होतात' म्हणून लावायची आणि तिचीच सवय जडायची. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ मध्ये देशभर बंदी आली, पण घरच्या तव्याला ती कशी लागू होणार?

रंग उडवण्याचं काम मात्र पहिल्यापासून दंतवैद्यांच्या हातात होतं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी क्लोरीनचा चुना, ऑक्झॅलिक आम्ल अशी जहाल द्रव्यं वापरून पाहिली आणि शतकाच्या अखेरीस हायड्रोजन पेरॉक्साइडवर ते स्थिरावले. १९१८ च्या सुमारास तीव्र प्रकाशाच्या उष्णतेने पेरॉक्साइडला वेग द्यायची पद्धत आली. सध्याच्या निळ्या दिव्याचा पणजोबा तो. हे सगळं दवाखान्याच्या खुर्चीत चालायचं. घरी न्यावं असं त्यात काहीच नव्हतं.

ते घरी आलं अपघाताने. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, फोर्ट स्मिथ गावी, दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरने हिरड्या सुजलेल्या रुग्णाला रात्री दातांवरच्या साच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड भरून झोपायला सांगितलं. हे तोंडातल्या जखमांसाठी दुकानात मिळणारं जंतुनाशक होतं. हिरड्या सुधारल्या आणि दातही उजळले. डॉक्टरांच्या बैठकांतून ही युक्ती तोंडोतोंडी पसरत राहिली. नॉर्थ कॅरोलायनातल्या दोन प्राध्यापकांनी १९८९ मध्ये तिच्यावर लेख लिहिला, तेव्हा तिला पद्धतीचं रूप आलं. पातळ साचा, थोडी जेल, रात्रभर, काही आठवडे. तीन दशकं उलटली तरी घरच्या उपायांत सर्वांत जास्त तपासलेला उपाय हाच आहे.

इथे आकड्यांचा एक घोळ सांगायलाच हवा, कारण खरेदीत लोक तिथेच फसतात. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं ते साधारण साडेतीन टक्के. बाकीचा मोठा भाग युरिया. त्यामुळे एका डबीवरचे '१०' आणि दुसऱ्या डबीवरचे '१०' यांत जवळजवळ तिप्पट फरक असू शकतो. द्रव्याचं नाव वाचल्याशिवाय टक्का वाचून उपयोग नाही.

लेख आला त्याच सुमारास तयार जेल बाजारात आली, आणि लगेच प्रश्न उभा राहिला की हे औषध आहे की प्रसाधन. १९९१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी उत्पादकांना कळवलं की ही औषधं आहेत, तेव्हा सुरक्षिततेचे पुरावे सादर करून परवानगी घ्या. उत्पादक न्यायालयात गेले, आणि पुढे काही झालंच नाही. नियामकांनी ना निर्णय रेटला, ना मागे घेतला. २००९ मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने 'एकदा काय ते ठरवा' असा अर्ज केला, तो २०१४ मध्ये फेटाळला गेला. अशा अधांतरी अवस्थेत २००१ च्या आसपास ५-६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पट्ट्या तिथल्या दुकानात खुल्या विकायला आल्या, आणि मग त्याहून तीव्रही आल्या. माझ्या मते घरगुती दात-उजळणीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, जो कुणी घेतलाच नाही.

युरोपात उलट झालं. तिथे ही प्रसाधनंच मानली गेली आणि तोंडात वापरायच्या प्रसाधनात पेरॉक्साइडची मर्यादा होती ०.१ टक्के. एवढ्याने दात उजळत नाहीत. एका अमेरिकी जेलला जर्मनीत वैद्यकीय उपकरणाची मान्यता मिळाली होती. तिच्या जोरावर ती ब्रिटनमध्ये विकता येईल का, हा खटला तिथल्या वरिष्ठ सभागृहापर्यंत (तेव्हा शेवटचं न्यायालयही तेच) गेला आणि २००१ मध्ये उत्तर आलं की नाही, हे प्रसाधनच. परिणाम विचित्र झाला. नीट तपासलेली जेल प्रशिक्षित दंतवैद्याने देणंही नियमबाह्य ठरलं, आणि तरी ते बहुतेक सगळे देत राहिले. ही कसरत ३१ ऑक्टोबर २०१२ ला संपली. त्या दिवसापासून ६ टक्क्यांपर्यंतच्या वस्तू फक्त दंतवैद्यांना विकायच्या, प्रत्येक फेरीचा पहिला वापर त्यांच्या देखरेखीत करायचा, मग पुढचं घरी, आणि १८ वर्षांखालच्यांना नाही, असा नियम लागू झाला. दुकानातली मर्यादा ०.१ टक्केच राहिली. म्हणून युरोपातल्या दुकानातली 'व्हाइटनिंग' पेस्ट मुख्यतः घासते, किंवा निळसर रंगाचा थर देऊन पिवळेपणा झाकते. न्यू जर्सीहून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतली पट्टी आणि लंडनहून आलेली पट्टी सारखी का वागत नाही, त्याचं कारण हे.

आपल्याकडे हाच वाद गाजला तो पेरॉक्साइडवरून नव्हे, मंजनावरून. आणि त्याला आरोग्याची नाही, कराची किनार होती. औषध ठरलं तर उत्पादन शुल्क कमी, प्रसाधन ठरलं तर जास्त. नागपूरच्या उत्पादन शुल्क खात्याशी एका लाल दंतमंजनाचा उत्पादक भांडत होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोक रोज सकाळी वापरतात, कुठल्याही दुकानात घेतात, औषध म्हणून पाहत नाहीत, तेव्हा ते औषध नाही. पुढे त्याच खात्याविरुद्ध दुसऱ्या एका उत्पादकाची पेस्ट आणि पावडर मात्र आयुर्वेदिक औषध ठरली. २००९ मध्ये पहिलं मंजन परत न्यायालयात आलं आणि परत हरलं. दोन्हींकडे आयुर्वेदाचाच दाखला होता, तरी निकाल दोन. या निकालांवरून कुठलं मंजन दातांना बरं ते कळत नाही, कारण तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. पण 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द डब्यावर पाहून विश्वास टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला हे माहीत असलेलं बरं.

गेल्या दहा-बारा वर्षांत घासण्याची परंपरा उलट्या दिशेने परत आली आहे. आजीने राखुंडी सोडून पेस्ट घेतली. नात कोळशाची पेस्ट महागात घेते. २०१७ मध्ये कोळशाच्या उत्पादनांवरच्या संशोधनाचा आढावा झाला, तेव्हा उजळण्याच्या आणि सुरक्षिततेच्या दाव्यांना पुरेसा आधार सापडला नाही. खरबरीत भुकटीने चहाचा डाग जातो, हे खरं. पण रोज घासून वरचं कवच पातळ झालं की खालचा मूळचा पिवळसर थर जास्त दिसू लागतो. लिंबाचं आणखी वाईट, कारण आम्लाने मऊ झालेलं कवच ब्रशने सहज झिजतं. एकटा खाण्याचा सोडा त्यामानाने सौम्य. तो उजळवत नाही, डाग पुसतो.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पडलेले तपकिरी पट्टे, किंवा लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने आलेला करडा रंग, यांच्यापुढे कोळसाही हरतो आणि साधी पट्टीही. तिथे साचा आणि जेल महिनोन्महिने, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली, लागू शकते. कॅप आणि सिमेंट तर कशानेच उजळत नाहीत. निळ्या दिव्याबद्दल बोलायचं तर घरच्या संचातला दिवा १९१८ च्या उष्णतेच्या जवळपासही जात नाही. काम होतं ते जेलचं.

सध्याचा नवा भिडू म्हणजे पेरॉक्साइड नसलेली जेल. बहुतेकदा तिच्यात पीएपी नावाचं दुसरं ऑक्सिडीकारक असतं. युरोपची मर्यादा पेरॉक्साइडपुरती असल्याने तिथे ती खुली विकता येते, आणि ऑनलाइन दुकानांतून ती इथेही 'दात न शिवशिवणारी' म्हणून येते. पेरॉक्साइडच्या साच्यामागे १९८९ पासूनच्या चाचण्या आहेत. हिच्यामागे अजून थोड्याच, आणि त्यातल्या बऱ्याच काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत केलेल्या.