कंपवात झालाय म्हणून आबांना खुर्चीत बसवून ठेवू नका

आपल्याकडे जळगाव-धुळ्याला कुणाला पार्किन्सन्स म्हणजे कंपवात निघाला की घरचे आधी माणसाला बसवूनच टाकतात, "आबा राहू द्या, पडशाल, मी आणतो पाणी", करतात सगळं प्रेमापोटीच पण नुकसान त्यातच होतं. मेंदूतल्या डोपामिन (हालचालीला लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून हालचाल मंदावते, अंग आखडतं, हात थरथरतो (सगळ्यांचाच थरथरतो असं नाही). गोळीने बराच फरक पडतो, पण तोल आणि चाल टिकवायला व्यायाम लागतोच, आणि तो गावातल्या पेशंटांनी ग्रुप करून एकत्र करावा असं माझं म्हणणं.

अमेरिकेत 128 पेशंटवर एक अभ्यास झाला, 2018 मध्ये छापून आला, सगळे नुकतंच निदान झालेले आणि गोळ्या सुरू न झालेले. त्यातले जे ट्रेडमिलवर चांगला दम लागेल असे चालले, त्यांची लक्षणं 6 महिन्यांत जवळपास तिथेच थांबली, व्यायाम न दिलेल्यांची वाढली. अर्थात हार्ट तपासूनच एवढा जोर लावायचा.

आता ग्रुप कशाला? तर ताल. चालता चालता पाय जमिनीला चिकटतो ना, तेव्हा कुणी टाळी वाजवली, "एक दोन एक दोन" म्हटलं किंवा फरशीवर आडव्या पट्ट्या मारल्या की पाऊल सुटतं बऱ्याच जणांचं, कारण आपोआप चालायची मेंदूतली यंत्रणा अडखळते पण बाहेरून इशारा मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. म्हणून मला वाटतं लेझीमचा ठेका आपल्या भागात फार कामाचा आहे, शाळेत सगळ्यांनीच खेळलेली असते, ज्याला उभं राहता येत नाही त्याने खुर्चीत बसून हात हलवावेत. आवाज बारीक होतो त्यालाही तेच, चारचौघांत मोठ्याने आरती म्हणायची.

आणि माहिती पण ग्रुपमध्येच मिळते. लेवोडोपाची (डोपामिनची कमी भरून काढणारी, या आजारातली मुख्य) गोळी डाळ-दूध अशा प्रथिनांसोबत घेतली तर काहींना नीट लागू पडत नाही, म्हणजे वरण-बट्टी खायच्या अर्धा तास आधी घेतलेली बरी, हे किती घरांत माहीत असतं? पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पण चोपडा-शहाद्याच्या माणसाने तिथवर का जावं, एक फिजिओथेरपिस्ट आणि गावातलं समाजमंदिर एवढ्यावर सुरुवात होते. व्यायामाला गोळीचा असर असेल तीच वेळ धरा, मे महिन्यात मात्र ऊन चढायच्या आत उरका, कारण उठताना बीपी पडून चक्कर येते बऱ्याच जणांना आणि अंगातलं पाणी कमी झालं की ती वाढते.