चांदणे पोळते तेव्हा

ज्ञानदेवांची 'घनु वाजे घुणघुणा' ही विराणी, म्हणजे विरहाचे गाणे, ऐकताना मी दर वेळी एकाच जागी थबकतो. ढग घुमतो आहे, वारा रुणझुणतो आहे. चांदणे, चाफा, चंदन सगळे हजर आहे. आणि गाण्यातली विरहिणी म्हणते, चंदनाची चोळी अंग पोळते, फुलांची शेज आगीसारखी लागते. कान्हा भेटला तरच ही आग विझेल.

तेराव्या शतकात ही कल्पना नवी नव्हती. संस्कृत काव्यात विरहाच्या तापावर करतात ते 'शीतोपचार'. कालिदासाच्या 'शाकुंतला'त तिसऱ्या अंकाच्या तोंडाशीच प्रियंवदा वाळ्याचा लेप आणि कमळाची पाने घेऊन निघाली आहे. मालिनीकाठच्या वेलींच्या मांडवात शकुंतला फुलांच्या अंथरुणावर तळमळते. हातात कमळाच्या देठाचे कंकण, तेही सैल झालेले. तिकडे दुष्यंताची तक्रार अशी, की थंड किरणांचा म्हणवणारा चंद्र आपल्यावर आग ओततो आहे.

हे उपचार कवींनी मनाने रचलेले नाहीत. वाळा आणि चंदन ही आयुर्वेदातली दाह शमवणारी द्रव्ये. आपल्याकडे आजही उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात, आणि पाणी खरेच गोड लागते. औषध खरे आहे, म्हणून तर ते हरल्याचे सांगण्यात जोर येतो. निसर्ग अंग निववतो. माणसाच्या ओढीपाशी त्याचा हात पोचत नाही.

ज्ञानदेवांनी यात प्रियकराच्या जागी देव आणला, एवढेच सहसा सांगितले जाते. मला त्यांचे दुसरे पाऊल मोठे वाटते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटच्या पसायदानात सज्जन म्हणजे डाग नसलेला चंद्र आणि ताप नसलेला सूर्य. अशी माणसे सर्वांची सोयरी होवोत, हे मागणे. चंद्र-सूर्याचे उणेपण माणसाच्या मायेने भरून काढले आहे.

बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत चंदनाची चैन कुठली! हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पहाटे दळता दळता गाणारी बाई वारंवार आई, भाऊ आणि माहेराकडे वळते. तिचा शीतोपचार म्हणजे वाटेवर दिसलेला मुऱ्हाळी, तिला माहेरी न्यायला आलेला.