मार्शमॅलो फॉन्डंट

मार्शमॅलो फॉन्डंट म्हणजे लाटून केकवर चढवायचे साखरेचे मऊ, लवचिक आवरण. याच गोळ्यातून फुले, अक्षरे, प्राणी, गडाचे बुरूज अशी सजावटही घडवतात. एरवी फॉन्डंट करायचा तर साखर, ग्लुकोज, जिलेटिन आणि ग्लिसरीन वेगवेगळे मोजून घालावे लागतात. मार्शमॅलोत साखर, ग्लुकोज सिरप आणि जिलेटिन आधीच एकजीव झालेले असते, त्यामुळे ते वितळवून त्यात पिठीसाखर मळली की काम होते. घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांत हा प्रकार रुळला तो या सोयीमुळे, आणि चवीलाही तो पाकिटातल्या बहुतेक तयार फॉन्डंटपेक्षा उजवा असतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या पदार्थाचा विचार हवेपासूनच सुरू करावा लागतो. पश्चिमेला महाबळेश्वर, पाटण, शिराळा या भागात पावसाळ्यात कपडे दिवसदिवस वाळत नाहीत. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा कोरडा, अवर्षणप्रवण पट्टा. साखर हवेतली ओल ओढून घेते. म्हणून एकाच मापाने मळलेला गोळा जुलैत पाचगणीला ओट्याला चिकटून बसतो आणि एप्रिलात जतला लाटताना कडेने फाटतो. कृतीत छापलेले पिठीसाखरेचे माप अंदाजापुरतेच धरावे.

साधारण प्रमाण असे : 250 ग्रॅम पांढरे मार्शमॅलो, एक ते दीड मोठा चमचा पाणी आणि 450 ते 500 ग्रॅम पिठीसाखर. गुलाबी-पांढरे मिश्र पाकीट घेऊ नये. त्याचा गोळा मळकट गुलाबी होतो आणि पुढे कुठलाच रंग त्यावर स्वच्छ उठत नाही. मार्शमॅलो आणि पाणी मायक्रोवेव्हमध्ये 30-30 सेकंदांनी ढवळत वितळवावे. मायक्रोवेव्ह नसेल तर पातेल्यात पाणी उकळून त्यावर वाडगे ठेवले तरी तितकेच चांगले जमते. वाडगे, चमचा आणि हात यांना आधी वनस्पती तूप चोळून घ्यायचे. साजूक तूप इथे नको, कारण त्याचा वास आणि पिवळेपणा दोन्ही राहतात. वितळलेले मिश्रण फार गरम असते आणि कातडीला चिकटते, तेव्हा मुलांना थोडे लांबच ठेवावे.

दोन तृतीयांश पिठीसाखर चमच्याने मिसळून झाली की गोळा ओट्यावर काढून उरलेली थोडी थोडी घालत मळतात. चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट आणि शंकरपाळ्यांच्या पिठापेक्षा सैल, हा अंदाज बरोबर बसतो. तुकडा ताणून पाहावा : लगेच तुटला तर दोन थेंब पाणी किंवा बोटभर वनस्पती, लोंबत राहिला तर आणखी साखर. मग प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, हवाबंद डब्यात रात्रभर ठेवतात. ही विश्रांती टाळू नये. ताज्या गोळ्याला लाटताना भेगा पडतात आणि त्याचा रंगही समान बसत नाही. वापरण्याआधी काही सेकंद गरम करून पुन्हा मळले की तो मऊ येतो.

पिठीसाखर घरी दळायची असेल तर एक वाटी साखरेला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून मिक्सरवर अगदी बारीक करावी आणि बारीक जाळीच्या चाळणीने दोनदा चाळावी. एखादा जरी कण राहिला तरी पातळ लाटलेल्या आवरणावर तिथे खड्डा पडतो. मिक्सरमधून निघालेली साखर गरम असते. ती गार होऊ द्यावी.

रंगकाम हा या पदार्थाचा सर्वांत कसाचा भाग. पातळ द्रव रंगाने गोळ्यात पाणी वाढते, म्हणून जेल रंगच घ्यावा. टूथपिकच्या टोकाने ठिपका लावायचा, हातमोजे घालायचे आणि रेघा मिटेपर्यंत मळायचे. रंग काही तासांनी आणखी गडद होतो, हे लक्षात ठेवून हलक्या छटेवरच थांबावे. गडद लाल आणि काळा मात्र पांढऱ्या गोळ्यातून काढण्याच्या फंदात पडू नये. इतका रंग घालावा लागतो की गोळा कडवट आणि चिकट होतो. लाल रंग मार्शमॅलो वितळतानाच घालतात. काळ्यासाठी आधी कोको घालून तपकिरी गोळा करतात, मग थोडासा काळा जेल पुरतो.

रेघा मिटेपर्यंत मळायचेच, असेही नाही. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचा तट करायचा असेल तर करडा आणि तपकिरी रंग अर्धवट मिसळून थांबतात. उरलेल्या रेघा काळ्या दगडाच्या वाटतात. उभे राहायचे भाग करताना गोळ्यात थोडी सीएमसी पावडर (डिंकासारखी घट्टपणा आणणारी खाद्य पूड) मळून ते एक-दोन दिवस उघडे वाळवतात.

घरगुती रंगांत सांगलीची हळद सोपी. तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तुपात चांगला उतरतो, म्हणून चिमूटभर हळद कोमट वनस्पतीत फेटून, गाळून घालावी. तिचा पिवळा उन्हात फिका पडतो आणि खाण्याच्या सोड्याशी गाठ पडली तर लालसर होतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा गर फॉन्डंटला चालत नाही, त्यात पाणी फार. कोरडी पूड असेल तर गुलाबी छटा मिळते आणि लिंबाचे दोन थेंब ती टिकवतात. बीटही पुडीच्याच रूपात घ्यावे. कृत्रिम रंगांपैकी भारतात खाद्यपदार्थांसाठी 8 रंगांनाच परवानगी आहे. लेबल नसलेला सुटा रंग केकमध्ये घालू नये. चमकीच्या डबीवर केवळ ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिले असेल तर ती खाण्याची चमकी नव्हे.

आवरणाखाली काय आहे यावर बरेच ठरते. आपल्याकडचे बहुतेक केक व्हिप्ड क्रीमचे असतात, आणि त्यातल्या ओलाव्याने फॉन्डंट काही तासांत विरघळू लागतो. पूर्ण झाकायचा केक बटरक्रीम किंवा गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट मिश्रणाचा) हवा. क्रीमच्या केकवर फॉन्डंटची फुले ठेवायची झाली तर ती केक कापण्याच्या थोडे आधी. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या केकवर बाष्प जमून पाण्याचे थेंब दिसतात. ते पुसायला गेले की रंग पसरतो. पंख्याखाली ठेवून आपोआप वाळू द्यावे.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही : अंडे नसलेला केक या आवरणामुळे शाकाहारी राहीलच असे नाही. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. सांगली परिसरात जैन आणि इतर शाकाहारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा मार्शमॅलोच्या पाकिटावरची हिरवी किंवा तपकिरी खूण पाहूनच ऑर्डर घ्यावी. जिलेटिन नसलेले मार्शमॅलो मिळतात, पण ते अगारचे (समुद्री शेवाळापासून काढलेल्या, जिलेटिनसारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थाचे) असतील तर तितक्या सहज वितळत नाहीत. एकदा घट्ट झालेले अगार पुन्हा पातळ व्हायला 85 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, जिलेटिनला 35 अंश पुरतात. त्यामुळे गोळ्यात गुठळ्या राहतात. अशा वेळी मार्शमॅलो बाजूला ठेवून अगार, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि सीएमसी यांचा साधा फॉन्डंट करणेच बरे पडते.