ताप असताना झिंकची तपासणी करावी का?

सर्दी-खोकला, फ्लू किंवा कोविडचे रुग्ण आमच्या लॅबमध्ये हमखास विचारतात, "झिंकपण बघून घ्यायचं का?" प्रश्न रास्त आहे. २०२० मध्ये बार्सिलोनातल्या एका रुग्णालयात, रक्तात दर डेसिलिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी झिंक असलेल्या कोविड रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. चेन्नईत त्याच वर्षी ४७ रुग्ण तपासले. निम्म्याहून अधिक जणांचे झिंक कमी होते आणि गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त दिसली.

म्हणजे झिंक कमी होते म्हणून आजार बळावला का? तसे लगेच म्हणता येत नाही. विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना झिंक लागते, हे खरे. पण संसर्ग झाला की यकृत रक्तातले झिंक स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे आजार जोरात असला की आकडा आपोआप खाली येतो. तापात आलेला कमी आकडा आधीच्या कमतरतेमुळे आहे की तापामुळे, हे एका रिपोर्टवरून सांगता येत नाही. म्हणूनच रुग्णाने स्वतःहून मागितली, तर तापात ही तपासणी करू नका असेच आम्ही सांगतो.

गोळ्यांचेही तसेच. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीत घरी उपचार घेणाऱ्या कोविड रुग्णांना १० दिवस रोज ५० मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेट दिले, तरी ते लवकर बरे झाले नाहीत. साध्या सर्दीचे दिवस झिंकने थोडे कमी होत असतील, पण पुरावा कच्चा आहे. भारतीय शिफारशीनुसार दिवसाला पुरुषांना १७ आणि स्त्रियांना सुमारे १३ मिलिग्रॅम झिंक पुरते. महिनोन्‌महिने जास्त घेतले तर शरीरातले तांबे घटते, त्यातून रक्तक्षय होतो, हातपायांना मुंग्या येतात. नाकात घालायचे झिंक तर नकोच, वास येणे कायमचे जाऊ शकते.

मटकी, हरभरे, तीळ, अंडी, मटण यांतून झिंक मिळते. कडधान्ये भिजवून मोड आणली की ते अंगी जास्त लागते.

तपासणी करायचीच असेल, तर पूर्ण बरे झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, सकाळी उपाशीपोटी या. झिंकची किंवा मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालू असेल तर आधी सांगा. नमुना झिंकविरहित खास नळीतच घ्यावा लागतो. तांबड्या पेशींत झिंक भरपूर असते, त्या फुटल्या तर आकडा खोटा वाढतो. असा नमुना आम्ही पुन्हा मागू.

दम लागत असेल तर मात्र लॅबमध्ये थांबू नका, थेट डॉक्टरांकडे जा.