गुदद्वाराची चिवट खाज आणि अतिस्वच्छतेचा घोटाळा

गुदद्वाराभोवती वारंवार सुटणारी खाज ही वैद्यकशास्त्राला चांगली परिचित असलेली तक्रार आहे. 'प्रुरायटस एनाय' असे तिचे शास्त्रीय नाव असून शंभरांपैकी एक ते पाच जणांना ती कधी ना कधी छळते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. स्त्रियांपेक्षा पुरुषांत ती सुमारे चौपट आढळते आणि चाळिशी ते साठी या वयोगटात तिचे प्रमाण अधिक असते. तरीही बहुतेक रुग्ण संकोचापोटी महिनोन्‌महिने घरच्या घरी उपाय करत राहतात, आणि यातले बरेचसे उपाय खाज वाढवणारे असतात. खाज सुटते म्हणजे ती जागा पुरेशी स्वच्छ नाही, असे मानून माणूस अधिक साबण लावतो, अधिक जोराने घासतो, औषधाच्या दुकानातून एकामागून एक मलमे आणतो, आणि त्वचा मात्र दिवसेंदिवस अधिकच बिघडत जाते.

ही जागाच मुळात नाजूक आहे. तिथली त्वचा पातळ असून तिच्यात संवेदनातंतूंची दाटी असते. शिवाय घडीमुळे ती दिवसभर दमट राहते. गुदमार्ग मिटलेला ठेवण्याचे काम मुख्यतः आतील स्नायूवलय करते आणि ते आपल्या इच्छेच्या ताब्यात नसते. हे वलय अधूनमधून क्षणभर सैल पडणे स्वाभाविक आहे. मात्र खाजेच्या काही रुग्णांत ते अधिक प्रमाणात सैलावते आणि द्रवाची गळतीही लवकर होते, असे तपासण्यांत दिसून आले आहे. अशा वेळी मलाचा डोळ्यांना न दिसणारा अंश बाहेरच्या त्वचेवर येतो. मलात प्रथिने तोडणारी विकरे आणि जिवाणू असतात, आणि ओलसर त्वचेवर त्यांचा दाह लवकर होतो. शौच सैल होत असेल तर ही गळती वाढते, त्यामुळे खाजेच्या उपचाराची सुरुवात पुष्कळदा पोटापासून करावी लागते.

एकदा दाह सुरू झाला की खाजवण्याचे चक्र स्वतःच्या बळावर चालू लागते. खाजेची संवेदना त्वचेतील अतिशय बारीक मज्जातंतूंमार्फत मज्जारज्जूत पोहोचते. नखाने खाजवल्यावर किंचित वेदना होते आणि ही वेदना खाजेचा संदेश तात्पुरता दाबते, म्हणून तेवढ्यापुरते बरे वाटते. परंतु 2014 साली उंदरांवरील एका संशोधनात असे आढळले, की या वेदनेला आवर घालण्यासाठी मेंदूकडून सोडले जाणारे सेरोटोनिन मज्जारज्जूतील खाजेच्या पेशींना उलट अधिक उत्तेजित करते. त्यातच नखांनी झालेल्या सूक्ष्म जखमांमुळे दाह वाढतो आणि खाज पुन्हा सुटते. दीर्घकाळ हे चालले तर त्वचा जाड, सुरकुतलेली व पांढुरकी होते. रात्री लक्ष गुंतवायला दुसरे काही नसल्याने आणि अंथरुणाच्या उबेमुळे त्रास अधिक जाणवतो. झोपेत तर हाताला आवर घालणारे कोणीच नसते.

आता अतिस्वच्छतेकडे वळू. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीच्या साबणाच्या वडीचा सामू साधारण 9 ते 10 म्हणजे अल्कधर्मी असतो. असा साबण दिवसातून अनेकदा लावल्यास त्वचेतील स्निग्धांश निघून जातो आणि तिचे संरक्षक आवरण कमकुवत होते. ओल्या पुसण्यांचा, म्हणजे वेट वाइप्सचा, दोष वेगळा आहे. त्यांतील सुगंध आणि परिरक्षके, म्हणजे त्या खराब होऊ नयेत म्हणून घातलेली रसायने, यांची अ‍ॅलर्जी अनेकांना होते. मेथिलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक त्यासाठी इतके कुप्रसिद्ध झाले, की त्वचेवर लावून तशीच ठेवायच्या प्रसाधनांत ते वापरण्यास युरोपीय संघाने 2017 पासून बंदी घातली. मलमेही या बाबतीत निर्दोष नाहीत. जागा बधिर करणारे बेन्झोकेन किंवा निओमायसिनसारखे प्रतिजैविक असलेले मलम काही दिवसांनी स्वतःच पुरळ उठवू शकते, आणि रुग्ण तो मूळ आजारच समजून त्याच मलमाचा आणखी जाड थर देतो.

म्हणून पहिला उपाय म्हणजे या साऱ्या गोष्टी थांबवणे. शौचानंतर साध्या कोमट पाण्याने हलकेच धुवावे, साबण लावू नये आणि मऊ कापडाने न घासता टिपून घ्यावे. केस वाळवण्याचे यंत्र थंड हवेवर ठेवून वापरले तरी चालते. त्यानंतर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिल्यास ओलावा त्वचेपर्यंत पोहोचत नाही. सैल, सुती अंतर्वस्त्रे घालावीत, नखे बारीक कापावीत आणि झोपताना हातात सुती मोजे घालायलाही हरकत नाही. शौच बांधून येण्यासाठी इसबगोल किंवा अन्य तंतुमय पदार्थांचा उपयोग होतो. कॉफी, चहा, कोला, चॉकलेट, बिअर, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळे आणि तिखट यांनी काहींचा त्रास वाढतो. यांपैकी कॉफीबाबत संशय सर्वांत बळकट आहे, कारण तिने गुदवलय सैलावते. सारे पदार्थ कायमचे सोडण्याची गरज नसते. दोन आठवडे ते बंद ठेवून नंतर एकेक पुन्हा सुरू केल्यास आपल्याला नेमके काय बाधते, हे कळते.

दाह फार असेल तर डॉक्टर एक टक्का हायड्रोकॉर्टिझोनचे मलम एक-दोन आठवड्यांसाठी देतात. हे स्टिरॉइड असल्याने मुदतीपलीकडे वापरल्यास त्वचा आणखी पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग असल्यास तो फोफावतो. आराम पडला म्हणून ते चालूच ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

खाजेमागे दुसरा आजार आहे का, हेही पाहावे लागते. मुलांमध्ये आणि मुले असलेल्या घरांत पिनवर्म, म्हणजे पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक कृमी, हे प्रमुख कारण असते. त्यांची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन हजारो अंडी घालते. सकाळी उठल्याबरोबर, धुण्यापूर्वी, तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की निदान होते. औषधाची एक मात्रा आणि दोन आठवड्यांनी दुसरी, शिवाय उपचार घरातील सर्वांना, असा याचा नियम आहे. कारण अंडी कपड्यांवर व अंथरुणावर दोन-तीन आठवडे टिकू शकतात. मूळव्याध, गुदचीर, भगंदर, सोरायसिस, एक्झिमा, बुरशी, मधुमेह आणि यकृताचे विकार हीही कारणे संभवतात. रक्त जाणे, गाठ लागणे, स्राव येणे, शौचाची सवय बदलणे, वजन घटणे किंवा उपचारानेही न भरणारा त्वचेचा चट्टा असेल, तर मात्र घरी वाट पाहू नये, कारण क्वचित प्रसंगी तिथे कर्करोगही असू शकतो. डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेली सर्व मलमे व पुसण्या सोबत न्याव्यात. अ‍ॅलर्जीची शंका असेल तर पाठीवर पट्ट्या लावून केल्या जाणाऱ्या पॅच टेस्टसाठी ही माहिती मोलाची ठरते.

एवढे करूनही खाज हटली नाही, तर काही पर्याय उरतात. मिरचीतील कॅप्सायसिनचे 0.006 टक्के इतके सौम्य मलम 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 44 पैकी 31 रुग्णांना उपयोगी पडले. सुरुवातीला ते थोडे झोंबते. नेमक्या त्या सौम्य प्रमाणात ते तयार करून घ्यावे लागते, त्यामुळे घरी मिरचीचा प्रयोग करण्याचा विचारही करू नये. अगदी हट्टी खाजेत त्वचेत मेथिलीन ब्लूचे इंजेक्शन देऊन तिथले संवेदनातंतू बधिर केले जातात. बहुतेकांवर मात्र ही वेळ येत नाही. काही आठवड्यांत त्वचा भरून येते, आणि पुढे कधी जुलाबानंतर किंवा उन्हाळ्याच्या घामाने खाज परतली, तर पुन्हा साबण बंद करून झिंक ऑक्साइडचा थर लगेच सुरू करावा.