'30 मीटर' लिहिलेलं घड्याळ घालून पोहायचं का?

पहिलं चांगलं घड्याळ घेताना मागच्या झाकणावरचा '30 मीटर' हा आकडा वाचून बरेच जण समजतात, की 30 मीटर खोल पाण्यापर्यंत घड्याळ सुरक्षित. तसं नाही. तो आकडा स्थिर पाण्याच्या 3 बार दाबाचा आहे (1 बार म्हणजे साधारण 10 मीटर पाण्याचा दाब), तोही नव्या घड्याळाच्या चाचणीतला. साध्या घड्याळांच्या आयएसओ 22810 या आंतरराष्ट्रीय मानकात नमुन्यादाखल काही घड्याळं तपासली तरी चालतात.

पोहताना हात मारला की दाब प्रचंड वाढतो आणि म्हणून पाणी शिरतं, हे नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरणही चुकीचंच. सेकंदाला 5 मीटर वेगाने हात फिरला तरी वाढ जेमतेम 0.125 बार, म्हणजे सव्वा मीटर पाण्याइतकी. घात होतो तो रबरी गास्केटमुळे. वेळ लावायच्या चावीच्या दांडीवरचं आणि मागच्या झाकणाखालचं हे बारीक कडं घाम, साबण, गरम पाणी यांनी कडक होतं, चपटं पडतं. चावी अर्धी बाहेर राहिली तर मग पावसाची सरही पुरते.

म्हणून 30 मीटरचं घड्याळ हात धुण्यापुरतं. पोहायचं असेल तर 100 मीटर घ्या, चावी आट्यांची, म्हणजे फिरवून घट्ट बसणारी, असेल तर उत्तम. डायव्हरच्या घड्याळांचं मानक आयएसओ 6425. त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबावर तपासतात.

सेल बदलताना गास्केट बघायला सांगा, लागलं तर नवं घाला आणि दाबचाचणी करून घ्या. नुसतं झाकण दाबून बसवलं, की पाणी शिरायला वाट झालीच. काचेआड वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात ठेवू नका. त्याच दिवशी उघडून घ्या, गंज थांबत नाही.