कंडेन्सर मोटरवर की स्टार्टरच्या आधी: जुन्या वादाची पार्श्वभूमी

इंडक्शन मोटर सिंक्रोनस वेगापेक्षा (लाईनच्या फ्रिक्वेन्सीने ठरणाऱ्या वेगापेक्षा) जोरात फिरवली की वीज परत देते, हे तिच्या जन्मानंतर लवकरच कळलं होतं. लाईन नसतानाही ती व्होल्टेज उभारू शकते, हे १९३५ साली अमेरिकेतल्या एका लेखाने नीट मांडलं. टर्मिनलवर पुरेसे कंडेन्सर हवेत, एवढीच मुख्य अट. रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) लोखंडात उरलेल्या चुंबकत्वातून थोडे व्होल्ट मिळतात, कंडेन्सर त्यावर चुंबकीकरणाचा प्रवाह पुरवतो, चुंबकत्व वाढतं, व्होल्टेज चढत जातं. लोखंड संपृक्त झालं, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासं झालं, की चढण थांबते. उरलेल्या चुंबकत्वाला नको तितकं श्रेय दिलं जातं. ते फक्त सुरुवात करून देतं. व्होल्टेज कुठे स्थिरावेल, हे कंडेन्सर, वेग, लोड आणि संपृक्तता ठरवतात.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पवनचक्क्या आणि छोट्या जलविद्युत संचांमुळे या विषयाला पुन्हा महत्त्व आलं.

विदर्भात मात्र हा विषय उलट्या बाजूने आला. विहिरींवर मोटारी वाढल्या, लांब लाईनच्या टोकाला व्होल्टेज पडू लागलं, तेव्हा पॉवर फॅक्टर (लाईनमधल्या प्रवाहाचा किती भाग खरं काम करतो त्याचं माप) सुधारण्यासाठी कंडेन्सर लावा असा आग्रह सुरू झाला. कुठे लावायचे, यावर मतं फुटली. थेट टर्मिनलवर लावला की मोटरबरोबर तोही बंद होतो आणि केबलमधला प्रवाह कमी होतो. पण पिठाची गिरणी किंवा जिनिंगचं जड यंत्र लाईन गेल्यावरही फिरत राहतं. कंडेन्सर मोठा असेल तर तेवढा वेळ मोटर जनरेटर होते: व्होल्टेज वाढू शकतं, स्टार्टरची कॉइल धरून राहू शकते. तेवढ्यात लाईन परत आली आणि फेज जुळला नाही, तर शाफ्टला जबर झटका बसतो. स्टार्टरच्या आधी लावला तर स्टार्टर सुटताच हा धोका टळतो, पण मोटर बंद असतानाही कंडेन्सर लाईनवर राहतो.

टर्मिनलचाच पर्याय योग्य, पण माप सांभाळून. कंडेन्सरचा प्रवाह मोटरच्या नो-लोड (काहीही ओढत नसतानाच्या) चुंबकीकरण प्रवाहाच्या सुमारे ९० टक्क्यांच्या आत हवा. जड चाकाच्या यंत्रांना कंडेन्सर सोडवणारा वेगळा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) द्यावा. सिंगल फेजवर मोटर चालवायला लावलेले मोठे कंडेन्सर थ्री फेज आल्यावरही तसेच जोडलेले ठेवणं तर सरळ धोक्याचं. याबद्दल शेतकऱ्यांना कुणी समजावून सांगत नाही, आणि जळालेल्या वाइंडिंगचा खर्च त्यांच्याच माथी येतो.

मेळघाटासारख्या भागात पावसाळी ओढ्यावर अशीच मोटर मुद्दाम जनरेटर म्हणून वापरता येईल. डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडलेल्या थ्री फेज मोटरच्या एका फेजवर ठराविक कंडेन्सर आणि दुसऱ्यावर त्याच्या दुप्पट लावला की सिंगल फेज लोड देता येतो. त्यात फिरण्याची दिशा बरोबर हवी, नाहीतर वाइंडिंग तापतं. लोड फार वाढला किंवा शॉर्ट झाला तर व्होल्टेज कोसळतं. वाइंडिंग बहुधा वाचतं, पण उरलेलं चुंबकत्व जाऊ शकतं. मग यंत्र थांबवून, कंडेन्सर सोडवून, वाइंडिंगला बॅटरीचा डीसी क्षणभर द्यावा लागतो.